जपानी भाषेतील ‘मी’ आणि आमची खोकी



गेल्या वर्षीच्या आषाढापासून दर रविवारी सकाळी मी चिंचवडमध्ये जपानी भाषेच्या वर्गाला जातो. हे कळल्यावर बँकेतील जुने सहकारी ठरलेले दोन प्रश्न विचारतात : या वयात कशासाठी, आणि जपानला जाणार आहात का? जपानला जाण्याचा विचार नाही. वर्गातील मुले वीस-बावीस वर्षांची. कुणी चाकणच्या कारखान्यात प्रशिक्षणार्थी, कुणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. माझी नातही तिथेच शिकते, पण ती माझ्याहून एक परीक्षा पुढे असल्यामुळे पलीकडच्या खोलीत बसते. मी तिथे गेलो तो माझ्या पुतण्याच्या साडेचार लाख रुपयांपायी.

पुतण्याचा भोसरीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी तो उभा केला. आरंभी दुकानदारांना साधी खोकी पुरवीत. आज यंत्रांच्या सुट्या भागांसाठी तीन पदरी, पाच पदरी खोकी तयार होतात. दोन वर्षांपूर्वी चाकण भागातील एका जपानी कंपनीत, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, त्याला भेटीची वेळ मिळाली. गडी हुशार. मोबाइलवर पाहून पाहून त्याने जपानीत स्वतःची ओळख पाठ केली. समोरचे जपानी अधिकारी त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवून ‘हाइ’, ‘हाइ’ म्हणत राहिले. ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ एवढे याला ठाऊक होते. शेवटी ते ‘केन्तो शिमास्’ म्हणाले, आणि दुभाषा मुलीने त्याचे भाषांतर ‘विचार करू’ असे केले. पुतण्या पेढे घेऊनच घरी आला. कागदाचा भाव चढण्याच्या आत म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी साडेचार लाखांची क्राफ्ट पेपरची रिळे उचलली. पैसे अर्थात कॅश क्रेडिटमधून. महिना गेला, तिमाही गेली. ऑर्डर आली नाही. पावसाळ्यात कागदाने ओल धरली, आणि व्याज तर रविवारीही चालूच असते, हे मी चौतीस वर्षे इतरांना सांगत आलो होतो.

पुढे एका प्रदर्शनात ती दुभाषा मुलगी त्याला भेटली. मुलगी निगडीची, मराठीच. ती म्हणाली, “सर, रागावू नका, पण तुम्ही पाच मिनिटांत नऊ वेळा ‘वाताशि’ म्हणालात. आणि त्यांनी ‘हो’ म्हटलेच नव्हते.”

हा नऊ वेळांचा ‘वाताशि’ काय प्रकार आहे, या कुतूहलाने मी फी भरली.

आपल्या या पट्ट्याला जपानी नवीन नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने १९८६ साली केबी १०० ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हापासूनची ओळख आहे. आज चाकणला ब्रिजस्टोनचे टायर निघतात, तळेगावला मित्सुबिशी इलेक्ट्रिक आहे. भोसरीच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलात तरी भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा तक्ता दिसतो, आणि चौथी पास ऑपरेटरसुद्धा ‘कायझेन’, ‘कानबान’, ‘पोका-योके’ हे शब्द ‘पाना’, ‘हातोडी’ म्हणावे तितक्या सहज उच्चारतो. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा रीतसर शिकवली जाते. तिची जागतिक प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते; २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. मात्र या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही. एन-३ उत्तीर्ण झालेला मुलगाही प्रत्यक्ष माणसासमोर गांगरतो तो यामुळे. थोडक्यात, यंत्राची जपानी आपण उचलली. माणसाची राहून गेली.

आमच्या सेन्सेइ, म्हणजे शिक्षिका, सदाशिव पेठेतल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर ‘मी’साठी शब्द लिहायला घेतले आणि फळा भरला. ‘वाताशि’ हा कुणालाही, कुठेही चालणारा सभ्य ‘मी’. ‘वाताकुशि’ त्याहून औपचारिक. या शब्दाचा मूळ अर्थ ‘खासगी’, सार्वजनिकाच्या उलट जे ते. ‘बोकु’ मुलगे आणि तरुण वापरतात, घरगुती बोलण्यात मोठे पुरुषही. त्याच्या चिनी लिपीतील चिन्हाचा अर्थ ‘सेवक’. ‘ओरे’ हा मित्रांच्या अड्ड्यावरचा दांडगा ‘मी’. साहेबापुढे तोंडातून निसटला तर पंचाईत. ‘आताशि’ बायकांच्या सैल बोलण्यातला, आणि ‘वाशि’ म्हाताऱ्यांचा. मी लगेच म्हणालो की, मग मला ‘वाशि’च शोभेल. सेन्सेइ हसून म्हणाल्या, तो आता बहुतेक गोष्टीतल्या आणि चित्रपटातल्या आजोबांनाच शोभतो, तुम्ही ‘वाताशि’च म्हणा. पुणे-मुंबई करताना खाडी ओलांडण्याआधी जे वाशी लागते, त्याच्याकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने पाहतो.

जपानच्या सम्राटाला तर स्वतंत्र ‘मी’ होता, ‘चिन्’. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राट हिरोहितो यांनी आकाशवाणीवरून शरणागतीची घोषणा वाचली, तिचा आरंभ याच शब्दाने होतो. आता सम्राटही ‘वाताकुशि’ म्हणतात. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०५-०६ मधील प्रसिद्ध कादंबरीत एक मांजर आपली कहाणी सांगते; कादंबरीच्या नावातच ते स्वतःला ‘वागाहाइ’ म्हणवते. हा भारदस्त पुढाऱ्यांचा, मिशीला पीळ देणारा ‘मी’. इंग्रजीत त्याचा नुसता ‘आय’ होतो आणि विनोद मरतो. मराठीत मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे : ‘अस्मादिक’. अस्मादिक मांजर आहेत! इतके नेमके भाषांतर इंग्रजांच्या नशिबी नाही.

‘तू’, ‘तुम्ही’ची कथा तर अधिकच परिचयाची निघाली. पुस्तकात ‘तुम्ही’साठी ‘आनाता’ हा शब्द दिलेला असतो, पण सेन्सेइंनी बजावले की समोरच्या वडीलधाऱ्या माणसाला तो वापरू नका. त्याचे आडनाव घ्या आणि पुढे ‘सान’ लावा. ‘आनाता’चा मूळ अर्थ ‘पलीकडची बाजू’, ‘तिकडे’. कित्येक जपानी बायका नवऱ्याला याच शब्दाने हाक मारतात. मला एकदम आजीची आठवण झाली. तिने जन्मभर आजोबांचे नाव घेतले नाही. “तिकडून चहा मागितलाय” एवढेच म्हणे. साता समुद्रांपलीकडच्या बायकांनीही नवऱ्याला दिशाच करून टाकावे, याची मौज वाटली.

आता मुख्य गोष्ट. इतके ‘मी’ असूनही जपानी माणूस बोलताना बहुधा त्यांपैकी एकही वापरत नाही. प्रारंभी एकदा, गरज असली तर, मग गाळतो. आपणही गाळतोच. “उद्या येतो” असे म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही, कारण मराठी क्रियापद ‘मी’ पोटात घेऊन चालते. बोलणारा पुरुष की स्त्री हेही त्यातच कळते. जपानी क्रियापद मात्र कोरे. ‘आशिता इकिमास्’ : उद्या जाणे. मी जाणार, ती जाणार, आम्ही जाणार, सगळ्यांना तेच रूप. मग कोण जाणार हे कळते कसे, असा प्रश्न मी विचारला, आणि त्याचे उत्तर ऐकताना मला बँकेतला काउंटर दिसू लागला.

उत्तराचा एक मोठा भाग देण्याघेण्याच्या क्रियापदांत आहे. आपल्या बाजूकडून बाहेर दिले तर ‘आगेरु’. बाहेरच्याने आपल्या बाजूला दिले तर ‘कुरेरु’. दोन्हींचा अर्थ ‘देणे’च, पण दिशा उलट. ‘पेन कुरेमाश्ता’ एवढे म्हटले की पेन मला किंवा माझ्या माणसाला मिळाले हे ठरलेच. ‘मला’ म्हणायची गरज नाही. व्यापारी घरातील वाचकांना याहून अधिक समजावून सांगायला नको. रोजकीर्दीत कुणी ‘मला मिळाले’, ‘मी दिले’ असे लिहीत नाही. रक्कम जमेच्या बाजूला पडली की आली, नावेच्या बाजूला पडली की गेली. वही कुणाची हे ठाऊक असले की ‘मी’ लिहावा लागत नाही. जपानी माणूस बोलतो ते अशी वही मनात धरून. आणि त्या वहीत तो एकटा नसतो. बाहेरच्याने माझ्या धाकट्या भावाला काही दिले तरी ‘कुरेरु’च, घर, पेढी, सहकारी सगळे माझ्याच बाजूला. या आतल्या बाजूला ‘उचि’ म्हणतात, म्हणजे घर. बाहेरच्या बाजूला ‘सोतो’.

मी स्वतः बँकेत हजारो पत्रे लिहिली. एकाही पत्रात ‘मी’ नव्हता. ‘खाली सही करणार’ असायचा, नाहीतर ‘बँकेच्या असे निदर्शनास आले आहे की’. तेव्हा ही भाषा निर्जीव वाटे. आता वाटते, थोडी जपानीच होती.

‘वाताशि वा’ मधला ‘वा’ही समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थी त्याला कर्त्याचा प्रत्यय समजतात आणि फसतात. त्याचा अर्थ ‘म्हणाल तर’ असा आहे. ‘वाताशि वा ओचा देस्’ याचे शब्दशः भाषांतर ‘मी चहा आहे’ होईल. प्रत्यक्षात हॉटेलात बसलेला माणूस ‘माझं म्हणाल तर, चहा’ एवढेच सांगतो. आपणही मित्रांसोबत गेल्यावर “मी मिसळ, हा उपमा” म्हणतोच की. त्यावरून कुणी आपल्याला मिसळ समजत नाही. पण दर वाक्याला हा ‘वाताशि वा’ लावला की ऐकणाऱ्याच्या कानाला ‘माझं विचाराल तर... मी मात्र... मी तर...’ असे लागत राहते. पुतण्याने नऊ वेळा हेच केले होते. ओळख करून देताना त्याला वाटत होते की आपण नम्रपणे बोलत आहोत.

त्याहून मोठी चूक दुसरीच होती. जपानी माणूस बाहेरच्यासमोर आपली बाजू खाली ठेवतो. व्यवहाराच्या पत्रात आपल्या कंपनीला ‘हेइशा’ म्हणतो, म्हणजे आमची मोडकीतोडकी पेढी. बोलताना समोरच्याच्या कंपनीला ‘ओन्शा’, म्हणजे आपली सन्माननीय पेढी. ‘सान’ हा आदराचा प्रत्यय स्वतःच्या नावाला कधी लावायचा नाही. आपल्याकडे फोन उचलताच “मी अमुकशेठ बोलतोय” असे सांगण्याची पद्धत आहे, तिथे ती हास्यास्पद ठरेल. आमच्या शिक्षिकेला सगळे ‘सेन्सेइ’ म्हणतात, पण स्वतःचा व्यवसाय सांगताना त्या ‘क्योशि’ म्हणतात. ‘सेन्सेइ’ हा मान दुसऱ्याने द्यायचा.

इथवर सारे पटते. पुढचे पटायला जड जाते. बाहेरच्याशी बोलताना आपल्या वरिष्ठाचाही ‘सान’ काढून टाकायचा, कारण तो आपल्या बाजूचा. स्वतःच्या वडिलांचा उल्लेख ‘चिचि’, आईचा ‘हाहा’, असा साधा करायचा. दुसऱ्याचे वडील तेवढे ‘ओतोसान’, दुसऱ्याची आई ‘ओकासान’. मराठीत “माझा बाप येतोय” असे चारचौघांत म्हणून पाहा! पुतण्याला हे सांगितले तर तो गप्प बसला. मग म्हणाला, “काका, बाबांचं नुसतं आडनाव माझ्या तोंडून निघणार नाही.” थोरले बंधू तिथेच बसले होते. ते म्हणाले, “ऑर्डर येत असेल तर काहीही म्हण.” तरी त्याने अजून म्हटलेले नाही. आडनाव दोघांचे एकच असल्यामुळे ‘चिचि’वर भागवतो, आणि दुभाषा मुलीच्या मते ते फारसे बिघडत नाही.

ज्या ‘हाइ’ने घात केला त्याविषयी. ‘हाइ’चा अर्थ ‘हो’ आहे, पण संभाषणात तो पुष्कळदा ‘हं, ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच असतो. कीर्तनात बुवांपुढे बसलेला श्रोता ‘हं’ म्हणतो म्हणून त्याने दक्षिणा कबूल केली असे होत नाही. ‘केन्तो शिमास्’चे भाषांतर दुभाषा मुलीने चूक केले नव्हते, शब्दार्थ ‘विचार करू, तपासून पाहू’ असाच आहे. पण बैठकीच्या शेवटी तो नकाराचा सभ्य वेश असण्याचा संभव मोठा. ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरासे...’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले आणि श्वास आत ओढला, तर तो नकारच समजावा. आपल्याकडेही स्थळ बघून गेलेली मंडळी “कळवतो” म्हणतात तेव्हा मुलीचे वडील पत्रिका छापायला टाकत नाहीत. मग कागदाची रिळे का टाकली?

शिकायला ही भाषा मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ : ‘इकिमास् का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा योगायोगच, पण सोयीचा. दुजोरा मागायचा तर ‘ने’, आपला ‘ना’. त्यांच्या काना अक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को असा आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा अभ्यास केला त्यातून तो आला. माझ्यासारख्या बाराखडी घोकलेल्या माणसाला तो एका बैठकीत पाठ होतो. चित्रलिपीचे मात्र विचारू नका.

ज्यांची मुले-सुना नोकरीनिमित्त तिकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडे जेवणाचे. ‘बेजितारियन देस्’ एवढ्यावर विसंबू नये. भाजीच्या रश्शातही ‘दाशि’ असते आणि ती बहुधा वाळलेल्या माशाची. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस आणि मासे खात नाही, हे स्पष्ट म्हणावे आणि दाशिचे वेगळे विचारावे. अंडे ‘तामागो’, कांदा ‘तामानेगी’, लसूण ‘निन्निकु’, बटाटा ‘जागाइमो’. यांतील जे वर्ज्य असेल त्याला ‘वा ताबेमासेन’ जोडावे. पाहा, इथेही ‘वाताशि’ लागला नाही. बौद्ध मंदिरांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण आपल्याला जवळचे : मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही बहुधा नाही, दाशि समुद्री शेवाळाची आणि सुक्या अळिंबीची. परंतु त्यात मुळा, गाजर यांसारखी कंदमुळे असतात, हे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जेवणाआधी तिथे सगळे ‘इतादाकिमास्’ म्हणतात. त्याचे मूळ ‘मस्तकी धरून घेणे’ असे आहे. कोण घेतो, हे वाक्यात नसते.

एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. ‘सुमिमासेन’. ‘माफ करा’, ‘अहो, जरा ऐकता का’ आणि कधी कधी ‘आभारी आहे’ हेही, सगळे या एकाच शब्दात. त्यातील ‘सुमु’ म्हणजे संपणे, मिटणे. ‘सुमिमासेन’ म्हणजे ‘हे मिटलेले नाही’. खाते अजून बंद झालेले नाही, येणे शिल्लक आहे, असे काहीसे. बँकेत याला आम्ही थकबाकी म्हणत असू. आपल्या ‘मिच्छामि दुक्कडम्’मध्ये ‘मि’ आहे, आणि तो क्रियापदाचा प्रत्यय नसून ‘माझे’ या अर्थाचा वेगळा शब्द आहे : माझे दुष्कृत मिथ्या होवो. प्राकृताने तिथे ‘माझे’ गाळले नाही. क्षमा मागताना ‘माझे’ म्हणावे की गाळावे, यावर नात आणि मी एका रविवारी चिंचवड ते आकुर्डी वाद घातला. मिटला नाही, सुमिमासेन.

पुतण्याने ओल लागलेली रिळे तोटा सोसून विकली. यंदा फाल्गुनात त्याच कंपनीत तो पुन्हा गेला. या वेळी आधी पेढीचे नाव, मग स्वतःचे; वाकून, दोन्ही हातांनी कार्ड; ‘वाताशि’ एकदाही नाही, आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइशिमास्’. नमुन्यादाखल तीनशे खोक्यांची ऑर्डर मिळाली. त्यांतील बारा खोकी कोपरे दबले म्हणून परत आली.

परवा रात्री त्याचा फोन आला. ई-मेलमध्ये ‘सुमिमासेन’ लिहू का, असे विचारत होता. मी फोन नातीकडे दिला. ती म्हणाली, “काका, तोंडी ठीक आहे. लेखी ‘मोशिवाके गोझाइमासेन’ लिहा. म्हणजे सबब सांगायला जागा नाही.” त्याने तसे लिहिले, कारण दिले नाही, आणि बदली खोकी सोमवारी पहिल्या फेरीला चाकणला पाठवतो असे कळवले. उत्तर आले ते एका शब्दाचे नव्हते, म्हणून त्याने मला वाचून दाखवले. त्यातले निम्मे मला समजले.